उबदार आवाज

दोन अ‍ॅम्प्लिफायर घरी आणून, ऐकून, एक ठेवायचा आणि दुसरा परत करायचा, अशी सवलत धाराशिवच्या दुकानदाराने मला दिली होती. व्हॉल्व्हचा नको, ट्रान्झिस्टरचाच हवा, कारण आमच्याकडच्या विजेचा भरवसा नाही. पण आवाज मात्र व्हॉल्व्हसारखा उबदार, म्हणजे कानाला मऊ लागणारा हवा, हा माझा हट्ट. "साहेब, ऊबच पाहिजे तर शेगडी न्या की," असे म्हणून त्याने दोन्ही खोकी गाडीवर बांधून दिली.

आधीचा अ‍ॅम्प्लिफायर मी एकट्याने निवडला होता. पत्नी त्याच्यासमोर कधी बसली नाही. या वेळी निवड तिची असावी आणि संध्याकाळी तिने माझ्याशेजारी बसून ऐकावे, एवढीच माझी इच्छा होती.

रविवारी दुपारी दोन्ही जोडले. पहिल्याचा आवाज भरदार, कडा मऊ झालेला. दुसऱ्याचा स्वच्छ, पण कानाला टोचणारा. आळीपाळीने लावून मी विचारले, "यातला उबदार कुठला वाटतो?"

ती उठली. दोन्हींच्या पाठीवर तळहात ठेवून पाहिला आणि पहिल्याकडे बोट केले. "ह्यो. चांगला तापलाय."

मी हसलो. तिला सुराची जाण नाही, असे मी मनाशी म्हटले. ते हसण्यातून तिलाही कळले असावे. मग फरक समजावून द्यावा म्हणून आमच्याच घरच्या गोंधळाचे ध्वनिमुद्रण काढले. त्याच्या आरंभी संबळ नाही, तुणतुणे नाही. बराच वेळ नुसती झांज वाजते. टोचणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरवर ते लावले आणि पत्नीच्या चेहऱ्याकडे पाहत राहिलो.

ती माझ्याकडे पाहत होती.

"लावा की," ती म्हणाली.

झांज खणखणत होती. खोली त्या आवाजाने भरून गेली होती. मी आवाज वाढवला. माझेच कान दुखू लागले. ती पदराने कपाळ टिपत शांतपणे वाट पाहत होती. संबळ सुरू झाला तेव्हा म्हणाली, "हां, लागलं आता."

मी यंत्र बंद केले, तिच्यासमोर जाऊन बसलो आणि विचारले, "तुला कधीपासून ऐकू येत नाही?"

"येतंय की. तुम्हीच लई हळू बोलाया लागलात. मला वाटलं, वयानं होत असंल."

मी हळू बोलतो. आवाज न चढवणे हा माझा एकमेव सद्गुण, असे मी वर्षानुवर्षे मानत आलो होतो.

"मग पुन्हा विचारायचं नाही का?"

"विचारलं होतं. दुसऱ्यांदा सांगताना तुमचं तोंड उतरतंय."

"आणि तू मला 'व्हय' म्हणतेस, ते?"

ती ओशाळून हसली. "तुमचे ओठ थांबले की म्हणती."

त्या 'व्हय'वर मी संसारातले किती निर्णय उभे केले होते, हे आठवू लागलो आणि आठवणे सोसेना. आमच्यात वाद होत नाहीत, असे मी पाहुण्यांना अभिमानाने सांगत असे.

चहा झाल्यावर मी गोंधळ पुन्हा लावला, दोन्ही यंत्रांवर, आणि या वेळी कोणताही शब्द न सुचवता विचारले, "कुठल्यात कळतंय?"

तिने डोळे मिटून ऐकले. "ह्या दुसऱ्यात बोल निघत्यात. झांज न्हायच. पहिल्यात समदं घोंगडीखालून येतंय."

पहिला परत केला. ज्या मऊपणासाठी मी इतका अडून बसलो होतो, त्याने तिच्या वाट्याला उरलेलेही झाकले असते. "ठेवलेला तर टोचतो, असं फोनवर म्हणाला होतात तुम्ही," दुकानदार म्हणाला. मी खोके त्याच्यापुढे सरकवले.

कानाच्या डॉक्टरांना दाखवायला आम्ही सोलापूरची एसटी धरली. तुळजापूर मागे पडल्यावर तिने काहीतरी विचारले. मी खिडकीबाहेर पाहत, सवयीने, पुटपुटल्यासारखे उत्तर दिले. तिने 'व्हय' म्हटले नाही. माझी हनुवटी धरून चेहरा स्वतःकडे वळवला.

"इकडं बघून बोला," ती म्हणाली.