पुसानच्या मासळीबाजारातली कात्री

ही गोष्ट सांगताना माझा आवाज अजून चढतो. घरातली माणसं म्हणतात, इतकी वर्षं झाली, आता सोडा. मला ते जमलेलं नाही.

कोरियातल्या पुसान बंदरात आमचं जहाज प्लायवूड भरायला सहा दिवस उभं होतं. पाचव्या दिवशी मला आणि माझ्या मित्राला सकाळपासून संध्याकाळपर्यंत शहरात जायची परवानगी मिळाली. मी मंगरूळपीरचा, बौद्ध वस्तीतला. मित्र शिरपूरचा, किराणा दुकान चालवणाऱ्या जैन घरातला. वाशीमच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. मॅट्रिकनंतर पेपरात खलाशी भरतीची जाहिरात वाचली आणि एकाच एसटीने निघालो. तोवर दोघांनीही समुद्र पाहिला नव्हता. त्याच्या वडिलांनी वर्षभर त्याचं पत्र उघडलं नाही. माझ्या आईने मात्र साऱ्या वस्तीत साखर वाटली होती.

आमच्यासोबत त्या दिवशी तिसरा एक जण होता, तिथलाच. जहाजात चढणाऱ्या मालाचे नग मोजून लिहून घेणारा कारकून. आमच्याच वयाचा, मोडकं इंग्रजी बोलणारा, अंगाने शिडशिडीत. चार दिवस आम्ही त्याला आमचा चहा पाजला होता. साखर आणि दूध घातलेला चहा त्याने पहिल्यांदाच प्यायला आणि मग रोज दहा वाजता तो कप घेऊन हजर. पाचव्या दिवशी त्याची सुट्टी होती. "आज तुम्ही माझे पाहुणे," तो म्हणाला.

काय दिवस होता तो! नोव्हेंबरची थंडी, लख्ख ऊन. डोंगराच्या अंगाखांद्यावर पत्र्याची आणि फळकुटांची घरं एकमेकांना चिकटून उभी होती. कोरियाच्या लढाईत उत्तरेकडून पळून आलेली माणसं तिथे राहत, त्याची आईही त्यांतलीच. त्याला पाठीला बांधून ती चालत आली होती, नवरा वाटेतच गेला. हे त्याने चढ चढताना अगदी साधेपणाने सांगितलं. चढावर एक लहानसं बुद्धमंदिर लागलं. मी बूट काढून आत बसलो, त्रिसरण म्हटलं. शेजारी बसलेल्या म्हातारीने माझ्याकडे पाहिलं, हात जोडले आणि थोडं सरकून मला बसायला स्वतःचं आसन दिलं. माझ्या आयुष्यात कुणा परक्या माणसाने देवळात मला जागा करून दिल्याची ती पहिली वेळ होती.

मित्राचे खाण्याचे हाल होते. मासळी नको, मांस नको, अंडं नको. अखेर एका कोपऱ्यावर तेलाच्या पिंपाच्या भट्टीत एक माणूस काहीतरी भाजताना दिसला आणि हा ओरडलाच, "अबे, रताळं! रताळं हाय थे!" चार रताळी त्याने तिथेच उभ्याने खाल्ली. कारकून हसून हसून बेजार झाला.

दुपारी तो आम्हाला आईला भेटवायला मासळीबाजारात घेऊन गेला. समुद्राच्या काठाला लागूनच तो बाजार. ओल्या फरशीवर बायका रांगेने बसलेल्या, पुढ्यात टोपल्या आणि पाण्याने भरलेली घमेली, त्यांत वळवळणारे मासे. मित्राने नाकाला रुमाल लावला तो काढलाच नाही. आई ठेंगणी, रुंद हाडाची, रबरी बूट घातलेली. तिने मला भात, तळलेला मासा आणि लाल मिरचीत मुरवलेली कोबी वाढली. ती कोबी खाऊन माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी आणखी मागितली, तशी ती खूश. शेजारच्या बायकांना हाका मारून तिने मला दाखवलं.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी गडबड उडाली. दोन पोलीस आले. कारकुनाने टोपी कानांवर ओढली. एका पोलिसाने ती काढून घेतली. आत केस होते, कानाच्या पाळीखाली दोन बोटं उतरलेले, बस. आमच्याकडे कॉलेजातली अर्धी पोरं त्याहून लांब केस ठेवायची. पोलिसाने खिशातून पट्टी काढून केस मोजले. मग कात्री काढली.

मला आधी ही थट्टाच वाटली; पुरुषांनी लांब केस ठेवणं तिथे तेव्हा कायद्याने गुन्हा होता, हे मागाहून कळलं. एकाने त्याला मागून धरलं, दुसऱ्याने कपाळापासून मानेपर्यंत सरळ पट्टा कापला. तेवढाच. बाकीचे केस तसेच ठेवले, मुद्दाम. दुसऱ्या दिवशी तो त्याच डोक्याने गोदीत जाणार, शेकडो लोक बघणार. कारकून जमिनीकडे बघत उभा होता. आई उठली, तावातावाने बोलू लागली. पोलिसाने तिला हाताने ढकललं आणि ती घमेल्यावर आपटली. मासे फरशीभर झाले.

"काहून बे?" मी ओरडलो. "काहून कापून राह्यला त्याचे केस? चोर हाय का तो? म्हाताऱ्या बाईले ढकलतं?" वऱ्हाडीत ओरडलो, त्याला काय कळणार! पण राग कळायला भाषा लागत नाही. त्याने माझी कॉलर धरली. तेव्हा माझा तो मित्र, दिवसभर नाकावर रुमाल धरून चालणारा, रुमाल फेकून त्या मासळीच्या चिखलात उतरला. आईला दोन्ही हातांनी उठवून तो तिच्या आणि पोलिसाच्या मध्ये उभा राहिला. तिथून हललाच नाही.

पोलिसांनी आम्हा दोघांचे किनाऱ्यावर उतरायचे पास काढून घेतले आणि खांबाशी उभं केलं. कारकून आमच्याकडे बघून मान हलवत होता: नका, नका बोलू. आईने घमेलं सरळ केलं. मग आपलं स्टूल ओढून तिने मुलाला त्यावर बसवलं. माशांचे पर कापायची मोठी कात्री पाण्यात धुतली, एप्रनला पुसली आणि त्या पोलिसांच्या समोर, अजिबात घाई न करता, मुलाचे उरलेले केस एकसारखे कापले. मधेच तिने एका पोलिसाला काहीतरी विचारलं, त्याने तोंड फिरवलं. काय विचारलं ते मी दुसऱ्या दिवशी कारकून माल मोजायला आला तेव्हा त्याला विचारलं. "तुझी आई कुठे बसते विकायला?" असं ती म्हणाली होती.

संध्याकाळी आम्हाला कंपनीच्या माणसाने सोडवून जहाजावर आणलं. कप्तान आपलाच, हिंदुस्तानी. त्याने दोन माफीनामे टाइप करून ठेवले होते. परदेशी कायद्याचा अवमान केला, लाज वाटते, पुन्हा असं होणार नाही. तो म्हणाला, "सध्या आपल्या देशातही तोंड बंद ठेवायचे दिवस आहेत. सही करा."

मी सही केली. नोकरी जाईल, माझ्या आईने वस्तीत वाटलेली साखर वाया जाईल, असलं काहीबाही डोक्यात आलं आणि मी केली. मित्राने कागद वाचला आणि टेबलावर परत ठेवला.

"माहं काय चुकलं थे सांगा," तो म्हणाला. "मंग करतो."

त्याला पुढच्या एकाही बंदरात उतरू दिलं नाही. सात महिने. कप्तानाचा राग येतो त्याहून जास्त मला माझ्या त्या सहीचा येतो.

सुट्टीवर मंगरूळपीरला आलो तेव्हा आणीबाणी ऐन भरात होती. माझा मोठा भाऊ तिथल्या एका शाळेत मास्तर. त्याच्या हेडमास्तरांनी मला पोरांपुढे बोलायला बोलावलं. "तिथली शिस्त सांगा," ते म्हणाले, "माणसं कशी मुकाट कामं करतात, ते सांगा." मी उभा राहिलो. शिस्त म्हणूनच सांगितलं: पट्टी, कात्री, ढकललेली आई, सगळं. मी सही केली हेही सांगितलं. पोरं टक लावून ऐकत होती. हेडमास्तरांनी मधेच घंटा द्यायला लावली.

महिन्याभरात भावाची बदली झाली. दिवसातून एकदाच एसटी जाणारं गाव. वहिनी ट्रंक भरताना रडून म्हणाली, "भाऊजी, तुमाले कायले लागत होतं हे बोलाले?" भाऊ आतून म्हणाला, "खोटं बोलला का तो? नाई ना? मंग झालं."

आणीबाणी उठली आणि दोन महिन्यांत त्याच हेडमास्तरांचं मला पत्र आलं. शाळेत स्वातंत्र्यावर व्याख्यानं ठेवली आहेत, आपण तो कोरियातला प्रसंग अवश्य सांगावा, तो फार स्फूर्तिदायक आहे. स्फूर्तिदायक! मी त्याच पत्राच्या मागे लिहिलं, "माझ्या भावाला आधी परत आणा, मग येतो," आणि पाठवून दिलं.

भावाला कुणी परत आणलं नाही. तो त्याच गावातून निवृत्त झाला. तिथे त्याने चिंचेची दोन झाडं लावली आहेत, आणि पोरांना तो चांगलं शिकवायचा असं त्या गावातली माणसं मला अजून सांगतात.