घर दाखवायच्या दिवशीचा धूप
धुपाचा वास आला की मला आम्ही कोलशेतचं जुनं घर विकायला काढलेलं, तो दिवस आठवतो. एजंटने बजावलेलं, "काकू, सुक्या मासळीचा वास आला तर गिऱ्हाईक दारातूनच परत जाईल." म्हणून आईने सुकटीचा डबा शेजारी नेऊन ठेवला, ओटा लिंबाने घासला, खिडक्या सताड उघडल्या आणि सकाळपासून खोल्याखोल्यांतून धूप फिरवला. दुपारी एक नवरा-बायको घर बघायला आले. आत पाऊल टाकताच दोघांचे आवाज खाली गेले. पुढे केलेलं पाणीही घेईनात. शेवटी त्या बाईंनी आईचा हात धरून हळूच विचारलं, "घरात कोण गेलं हो?" आई आधी खो-खो हसली, मग घासूनपुसून कोरड्या केलेल्या स्वयंपाकघराकडे तिने एकदा बघितलं. "थांबा जरा," म्हणाली, शेजारून डबा परत आणला आणि तव्यावर सुकट भाजायला घेतली. बाई ओट्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. "आमच्यात कांदा जास्त घालतात," एवढंच बोलल्या. घर त्यांनीच घेतलं. आता माजिवड्याच्या फ्लॅटमध्ये गॅसवरची चिमणी सगळा वास ओढून घेते. आई मात्र सुकट भाजायच्या आधी ती बंद करते.