मुद्दाम म्हणजे

"मशीन बंद झालीय आता. सावकाश बोला."

आमच्या कोर्टाच्या व्हरांड्यात वकील मॅडमचं हे वाक्य रोज ऐकू यायचं. म्हणताना त्या उजवा तळवा हवेत खाली दाबायच्या, भिंतीवरचं बटण दाबल्यासारखा. समोर बाकावर कुणीतरी डाळमिलचा, तेलमिलचा, नाहीतर कापसाच्या जिनिंगचा माणूस बसलेला असायचा आणि आपली कथा सगळ्या लातूरला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत असायचा. तुम्ही म्हणाल, भांडखोर लोक. मलाही नवीन असताना तसंच वाटायचं. आयुष्यभर मशीनच्या वर आवाज काढून बोलायची सवय लागली, की माणूस देवळात गेला तरी ओरडतोच, हे मला मॅडममुळे कळलं. त्यांचा तळवा खाली गेला, की समोरच्याचा आवाज खरोखर खाली यायचा.

मी कामगार न्यायालयात लघुलेखक होतो. साक्षीदार बोलतो, न्यायाधीश साहेब त्यातलं घ्यायचं ते सांगतात आणि मी टंकतो. इतकी वर्षं दुसऱ्यांची वाक्यं टंकून माझं स्वतःचं बोलणंही 'सदर' आणि 'सबब' असं झालं होतं. बायको म्हणायची, तुम्ही भाजी आणायला सांगितलं तरी निकालपत्र वाचल्यासारखं वाटतं. अशा माणसाला कुणा वकिलाचं कौतुक वाटणं अवघड. वकील आम्ही पैशाला पासरी पाहिले. पण मॅडम उभ्या राहिल्या की मी पाठ ताठ करून बसायचो.

त्या लोहा तालुक्यातल्या. आई जिनिंगमध्ये सरकी वेचायची आणि वडील हमाली करायचे. घरात शिकलेली पहिली मुलगी हीच. जयंतीच्या दिवशी पांढरी साडी नेसून सगळ्यांना "जय भीम" घालायच्या आणि दुसऱ्या दिवशी त्याच साडीवर काळा कोट चढवून कोर्टात हजर. अंगाने किरकोळ. फाइलींचा गठ्ठा उचलला की गठ्ठाच चालत येतोय असं वाटायचं.

केस घेतली की त्या आधी कारखाना बघून यायच्या. एकदा एका डाळमिलमध्ये शिडी चढून वरपर्यंत गेल्या आणि कोर्टात आल्या तेव्हा केसात तुरीचा भुसा तसाच होता. त्या मिलच्या मालकांनी म्हणे चहा पाजला आणि प्रेमाने सांगितलं, "मॅडम, इथं कामगार-बिमगार कुणी नाही. सगळी घरचीच माणसं."

मॅडम म्हणाल्या, "वा! मग घरच्या सुनेला बाळंतपणाला सुट्टी देता, तशी यांना पण देत असाल."

मालक हसले. मॅडमही हसल्या. पण मॅडमनी उत्तर येईपर्यंत कप खाली ठेवला नाही. शेवटी मालकांनाच मान खाली घालावी लागली. हा किस्सा त्या मिलच्या मुकादमानेच मला सांगितला आणि सांगताना त्यालाही गंमत वाटत होती.

आता एका मावशींबद्दल सांगतो. मावशी जळकोटकडच्या. लातूरच्या एका डाळमिलमध्ये कामाला होत्या आणि चालत्या पट्ट्यात त्यांचा डावा हात मनगटापासून गेला. कामावर असताना एखादा अवयव गेला तर मालकाने भरपाई द्यायची, हे कायदा सांगतो. पण कामगाराने मुद्दाम नियम मोडून इजा करून घेतली असेल, तर मालकाला हात वर करता येतात. मिलवाल्यांनी नेमका तोच शब्द धरला होता. बाईंना बजावलं होतं आणि तरी बाईंनी मुद्दाम हात घातला, असं त्यांचं म्हणणं. पैसे बुडण्यापेक्षाही वाईट गोष्ट वेगळीच होती. तो शब्द जळकोटकडे पोचला होता. पाणवठ्यावर, लग्नात, कुठेही गेलं तरी मावशींच्या पाठीमागे कुजबुज चालायची, की हिने पैशासाठी हात घातला म्हणे. मावशी लग्नकार्याला जायच्या बंद झाल्या होत्या.

साक्षीच्या दिवशी मिलचे वकील उलटतपासाला उठले. माणूस सज्जन, आवाज चढवत नसे. त्यांनी अगदी आदराने विचारलं, "मावशी, पट्टा चालू असताना तुम्ही त्यात हात घातला, तो मुद्दाम घातला ना?"

मावशी ताठ उभ्या होत्या. म्हणाल्या, "हाव साहेब. मुद्दामच घातला."

माझी बोटं थांबली. साहेबांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "घ्या." मी घेतलं. 'मी मुद्दाम हात घातला.' मिलचे वकील आणखी काही न विचारता खाली बसले. त्यांना तरी आणखी काय हवं होतं! मला मावशींचा असा राग आला, की उठून विचारावंसं वाटलं, अहो बाई, काय बोलून राहिल्या तुम्ही?

मॅडम उठल्या. फेरतपासात एक प्रश्न विचारायची परवानगी मागितली. ज्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला ठाऊक नाही तो कोर्टात विचारू नये, हे कालचा जुनिअरही जाणतो. मॅडमनी तळवा सावकाश खाली दाबला आणि विचारलं, "मावशी, 'मुद्दाम' म्हणजे काय? तुमच्या बोलीत साहेबांना सांगा."

मावशी चिडल्याच. "आता मुद्दाम म्हंजे मुद्दाम! त्यात काय सांगायचं? आज पहाटं उठून एका हातानं धपाटे थापून आणले तुमच्यासाठी. तुमी म्हनल्या व्हत्या का, आणा म्हणून? न्हाई. माझा जीव ऱ्हाईना म्हणून मुद्दाम केले. तसंच ते. दाळ अडकून राहिली व्हती, जळल्याचा वास येऊन राहिला व्हता. मालकाचं लई नुस्कान झालं असतं. म्हणून घातला हात. दुसरीनं घातला नसता. मी मुद्दाम घातला."

साहेब पुढे झुकले. त्यांनीच विचारलं, "मशीन बंद का नाही केली?"

"बटण मुकादमाच्या खोलीत, साहेब. तितवर जाऊस्तोवर समदी दाळ जळती. आन् बंद केली की मुकादम वरडतो."

"पट्ट्यावर संरक्षक जाळी होती का?"

"जाळी? जाळी तं म्या कंदी बघितलीच न्हाई."

मिलचे वकील समोरच्या कागदांकडे बघत होते. काळजीने, आपुलकीने, जीव लावून केलेलं ते मुद्दाम, हा आमच्या मराठवाड्यातल्या आयाबायांचा अर्थ. मीही त्याच अर्थाने तो शब्द रोज बोलतो. पाहुणा आला की "मुद्दाम वाट वाकडी करून आलात" म्हणतो. पण कोर्टात शिरलो की मला फक्त कायद्याचा मुद्दाम ऐकू यायचा. मावशी स्वतःचा गुन्हा कबूल करत नव्हत्या, आपली इमानदारी सांगत होत्या.

साहेब मला सांगायला लागले आणि अडले. 'आस्थेने' म्हणाले, 'सद्भावनेने' म्हणाले, मग मॅडमकडे बघितलं. "मॅडम, कोणता शब्द घालू?"

"साहेब, तिचाच राहू द्या. पुढे धपाटे लिहा."

आणि साहेबांनी लिहायला सांगितले! कोर्टाच्या कागदावर मी त्या दिवशी पहिल्यांदा धपाटे टंकले. टंकताना हसूही येत होतं आणि डोळेही भरले होते.

दुपारी व्हरांड्यातल्या बाकावर डबा उघडला. अशिलाकडून मॅडम काही घेत नसत, पण सोबत बसून खायला त्यांची ना नसे. मिलचे वकील समोरून जाताना घुटमळले, तेव्हा मॅडमनी त्यांनाही एक धपाटं दिलं. त्यांनी ते उभ्यानेच खाल्लं आणि मावशींना "चांगलं झालंय" म्हणाले.

मी मॅडमना विचारलं, "मावशी भलतंच काही बोलल्या असत्या तर?"

"तिनं घातलेला शब्द तिलाच काढता येतो. मी काढला असता, तर तो वकिलाचा झाला असता." मग बोटाला लागलेलं तेल रुमालाला पुसत म्हणाल्या, "माझी आई अंगात ताप असताना जिनिंगला जायची. का गं जातेस म्हटलं, की म्हणायची, हंगाम आहे, मुद्दाम जाते. ह्या बायांचा मुद्दाम मला ठाऊक आहे."

मी कित्येक कायदेपंडित जवळून पाहिले, पण इतकं मोठं माणूस मी पुन्हा पाहिलं नाही. कायदा त्यांना पाठ होता, तो अनेकांना असतो. कायदा ज्या बाईसाठी केला तिचं बोलणंही त्यांना तितकंच पाठ होतं.

पुढे मॅडम आजारी पडल्या. घशाचं दुखणं निघालं. आवाज गेला, तरी काही दिवस त्या येत राहिल्या. चिठ्ठीवर प्रश्न लिहून द्यायच्या आणि अहमदपूरची त्यांची जुनिअर मुलगी तो विचारायची. मग येणं थांबलं. एका सोमवारी मॅडमना श्रद्धांजली वाहायला वकिलांच्या बार रूममध्ये सगळे उभे राहिले आणि डोकी खाली घातली. बाहेर व्हरांड्यात डाळमिलच्या बाया बसल्या होत्या, आणि त्या दिवशी त्यांच्यातलं कुणीही मोठ्याने बोलत नव्हतं.

मावशींचा निकाल त्यानंतर लागला. मॅडमची जुनिअर दुसऱ्या केसमध्ये अडकली होती, म्हणून मावशी माझ्या टेबलाशी आल्या. "साहेब काय म्हणले?"

मी वाचून दाखवलं. "सदर अपघातात अर्जदाराचा कोणताही दोष दिसून येत नाही."

त्यांना काही उमगलं नाही. मी सोपं करून सांगितलं, "मावशी, तुमची काही चूक नव्हती, असं साहेब म्हणाले."

मला वाटलं, आता त्या रडतील. मी पाण्याचा ग्लासही पुढे सरकवला. मावशींनी पदर खांद्यावर नीट ओढून घेतला.

"येवढंच व्हय? हे तं मॅडमनी मला पयल्याच दिशी सांगितलं व्हतं. माझ्यापुरतं तवाच झालं." त्यांनी उजवा हात पुढे केला. "द्या तो कागद. गावाला वाचून दाखवाय लागतो."