फाटलेली लांब रोटी
तापल्या मडक्याचा वास आला की मला सिंदेवाहीतलं ते खाद्यप्रदर्शन आठवतं. गडचिरोलीला जाताना बस बिघडली, म्हणून आत शिरले. धानाच्या बरण्यांपलीकडे एक म्हातारी पालथ्या मडक्यावर लांब रोट्या टाकत होती, आल्यागेल्यालाही शिकवत होती. माझी पाळी आली. "कोणाची वं तू?" तिनं विचारलं. "आम्ही बौद्ध," म्हणत मी कणकेजवळचा हात मागे घेतला. "हात काऊन काढला? पाणी लाव, नाई तं फाटते." हाताला पाणी लावून मी रोटी ओढली; फाटलीच. त्यातलाच तुकडा मोडून तिनं तोंडात टाकला. "मीठ कमी झालं वं." कणीक तिचीच होती, तरी मला केवढं हायसं वाटलं! अजूनही माझ्या हातच्या जेवणाला कुणी नावं ठेवली की बरंच वाटतं. खाल्लं म्हणूनच ठेवली ना.