अण्णांचा उजवा अंगठा

अण्णांच्या उजव्या करंगळीला एक खाच पडली होती. फोनचा सगळा भार त्या करंगळीवर तोलून धरायची त्यांना सवय होती. येणाऱ्याजाणाऱ्याला ती खाच दाखवून ते म्हणत, "हे माझं स्टँड. दुकानात मिळत नाही." अंगठ्याची तऱ्हा त्याहून न्यारी होती. वाकला की तिथेच अडकायचा, आणि दुसऱ्या हाताने सरळ केला की कट्‌ असा आवाज यायचा. पाहणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा आणि अण्णा खूश व्हायचे.

मल्लेश्वरममधल्या त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी भाड्याने राहायला आले, तेव्हा ते नुकतेच एकटे पडले होते. बायको गेलेली, मुलगा परदेशात. घराणं कित्येक पिढ्या इथलंच, त्यामुळे मराठीत कन्नड असं मुरलेलं की पुण्याहून आलेल्या माझ्या आईला त्यांचं निम्मंच कळायचं. सरकारी कारखान्यात जन्मभर यंत्रांच्या गोंगाटात काढलेला हा माणूस आता सकाळी कॉफी घेऊन मुकाट बसलेला दिसायचा. "दिवसाचा पहिला शब्द कुणाला तरी बोलायला पाहिजे की अम्मा," ते मला एकदा म्हणाले. "नाही तर दिवस सुरूच होत नाही बघ."

मग हा पहिला शब्द ते फोनवर लिहू लागले. मराठी मंडळात भेटलेल्या प्रत्येकाचा नंबर त्यांच्याकडे होता, आणि प्रत्येकाला रोज वेगळा निरोप जायचा. कुणाला गुडघ्याबद्दल, कुणाला मुलीच्या परीक्षेबद्दल, कुणाला नुसतंच आज फाटकाबाहेर पारिजातकाचा सडा पडलाय म्हणून. सूर्योदयाची चित्रं पुढे ढकलणाऱ्यांचा त्यांना मनस्वी राग. "ते उष्टं आहे," म्हणायचे. "दुसऱ्याने चावलेलं मी कसं वाढू?" उत्तरादाखल बहुतेकांकडून दोन जोडलेले हात यायचे, तेही तयार मिळणारे. अण्णा तेवढ्यावर दिवस काढायचे.

बोलून पाठवा, अंगठ्याला विसावा मिळेल, असं मी सुचवून पाहिलं. त्यांना ते पटेना. "आवाज पाठवला की माणसाला काम सोडून ऐकत बसायला लागतं. लिहिलेलं कसं, जाता जाता वाचतात." एकूण काय, लोकांना आपला अडथळा होऊ नये म्हणून हा मनुष्य स्वतःचा हात झिजवत होता. मला त्यांचा राग यायचा आणि कीवही.

पुढे दुखणं अंगठ्यावरून मनगटात उतरलं. शर्टाची बटणं लागेनात. बाटलीचं झाकण फिरवायला ते मला हाक मारायचे. एके दिवशी कॉफीचा पेला हातातून निसटला आणि धोतरावर सांडला. "स्वल्प दुखतंय, बाकी काही नाही," हे तेव्हाही चालूच. मी जबरदस्तीने डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरबाईंनी अंगठ्यापासून मनगटापर्यंत पट्टा बांधला, फोन पूर्ण बंद म्हणून बजावलं, आणि कुणाला एवढं लिहिता असं हसत विचारलं. अण्णांनी फोन शर्टाच्या खिशात टाकला.

पट्टा बांधला त्या सकाळी त्यांचा चेहरा मात्र उजळला होता. "आता बघ अम्मा, मेसेज का नाही म्हणून सगळे विचारतील. तुला उत्तरं द्यायला लागतील हां." फोन त्यांनी कॉफीच्या पेल्याशेजारी ठेवला. वाजला की मान वळायची. सूर्योदय येत, सुविचार येत, औषधांच्या जाहिराती येत. अण्णांचं काय झालं, हे कुणी विचारलं नाही. मी रोज खाली जाऊन बसायचे, पण माझ्या बसण्याने ती जागा भरत नव्हती. "सरी, ठीक आहे," ते शेवटी म्हणाले. "कुणाला काही कमी पडलं नाही. चांगलंच की."

पट्टा निघाला, तेव्हा डॉक्टरबाईंनी जरा सूट दिली. दिवसाला एखादा निरोप, बस. मला वाटलं, नेमाने हात जोडणाऱ्या कुणाची तरी निवड होईल. अण्णांनी निवडला एक तरुण, मंडळाच्या गणपतीत एकदाच भेटलेला. इलेक्ट्रॉनिक सिटीत भाड्याच्या फ्लॅटमध्ये एकटा राहायचा आणि त्याने कधी एका अक्षराचं उत्तर दिलं नव्हतं. मी वैतागले. अण्णा शांतपणे म्हणाले, "उत्तर देणाऱ्यांना चार जण लिहितात. याला कोण लिहील?" आणि दात आवळून, एकेक अक्षर दाबत त्यांनी त्याला जेवलास का म्हणून विचारलं. पुढे रोज त्यालाच; कधी अंगठ्याची खबर, कधी पत्ता देऊन घरी ये म्हणून.

अण्णा मागच्या थंडीत झोपेतच गेले. मुलगा आला, दिवस केले, घराला कुलूप लावून परत गेला. मंडळाच्या ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग लागली आणि दुपारपर्यंत संपलीही.

कुलूप लागल्यानंतरच्या रविवारी फाटकाशी एक तरुण उभा दिसला. हातात संत्र्यांची पिशवी, नजर खालच्या कुलपावर. मी जिन्यावरूनच कोण पाहिजे म्हणून विचारलं.

"अण्णा इथेच राहतात ना? बरेच दिवस मेसेज नाही आला, फोन पण बंद येतोय. म्हटलं, जाऊन बघावं." तो जरा घुटमळला. "त्यांचा अंगठा कसा आहे आता?"