थट्टेची सोयरीक

ट्वाम्बोचं हसणं नदीकाठचं होतं. वरचे पुढचे दात रीतीप्रमाणे कोवळ्या वयातच पाडलेले, त्यामुळे ती हसली की आधी नुसता वारा सुटायचा आणि आवाज मागून यायचा. जुन्या गावात सिंहाच्या कुळात कुणी मेलं की ते हसू बोलावून नेत. ट्वाम्बो हत्तीच्या कुळातली. सिंह आणि हत्ती यांची थट्टेची सोयरीक फार जुनी.

ती जायची, मेलेल्याचं पांघरूण अंगावर घ्यायची, त्याच्यासारखी लंगडायची, त्याच्यासारखी खाकरायची. प्रेताजवळ बसून विचारायची, "ऊठ रे ऐदी, ज्वारी काय तुझा बाप राखणार?" रडून रडून घसा बसलेल्या बायकांपैकी एखादी फसकन हसायची. ती हसली की जेवायची, जेवली की जगायची. घरच्यांतलं कुणीच हसलं नाही तर मयत उघडं राहतं, मग ते आणखी माणसं मागतं. पोर गेलेल्या आईने मात्र सगळ्यांत आधी हसायचं नसतं.

हेच शब्द दुसऱ्या कुणी काढले तर ती करणी. थट्टेच्या सोयऱ्याने काढले तर ते औषध. आणि कूळ आईचं, बापाचं नव्हे. एवढं तर शेळ्या वळणाऱ्या पोरांनाही ठाऊक असायचं.

मग खाली नदीला बांध घातला, पाणी फुगायला लागलं, आणि सरकारी ट्रक आले. भांडी, कोंबड्या, म्हातारी माणसं, सगळं एकावर एक रचून लोकांना दूरच्या काटेरी माळावर आणून सोडलं. थडगी मागे राहिली. पावसाचं देवस्थानही मागेच राहिलं, त्याला कुणी ट्रकमध्ये घालू शकलं नाही. नव्या जागी जमीन पायाखाली तापायची आणि रात्री ओळखीचा एकही आवाज यायचा नाही.

तिथे माणसं मरू लागली. बायका आणि मुलंच जास्त. सकाळी पोट धरून बसलेलं माणूस संध्याकाळी उठत नसे. कुणी पाण्याला दोष दिला, कुणी रानातल्या अनोळखी पाल्याला. सरकारी डॉक्टर येऊन बाटल्या भरून घेऊन गेला. पण बाटलीतल्या पाण्याला काही नाव नसतं, आणि लोकांना नाव हवं होतं. मागच्याच महिन्यात एका म्हाताऱ्याची झोपडी लोकांनी जाळली. का, तर तो मयताच्या घरावरून मागे न बघता गेला होता. म्हातारा रानात पळाला. पुढे त्याची फक्त काठी सापडली.

ट्वाम्बोची धाकटी, मुटिंटा, पेरणीच्या तोंडावर आजारी पडली.

त्या सकाळपासून हामूंगा रोज दारात यायला लागला. हामूंगा सिंहाच्या कुळातला, उंच, वाळका, एका कानाने बहिरा. ट्वाम्बोच्या आईच्या मयताला यानेच सगळ्यांना हसवलं होतं.

"ए हत्तिणी, प्रेत उठलं का?"

"उठलंय, आणि तुझ्या वाटणीची पेज पिऊन बसलंय."

"मग मी उगाच खड्डा खणून आलो म्हणायचा. आता त्यात कोण झोपणार?"

"तूच झोप. रोज येऊन डोकं खातोस, तेवढीच शांती."

आत चटईवर मुटिंटा हसायची. ताप असायचा, ओठ फुटलेले असायचे, पण हसायची. म्हणायची, "आजोबा, खड्डा लांब खणा, माझे पाय आईवर गेलेत." मरणाची अशी उघड टर उडवली की ते ओशाळून उंबऱ्यावरून परत जातं, असं ट्वाम्बोला वाटे. तिनेच हामूंगाला सांगितलं होतं, चुकवू नकोस, रोज ये.

एका दुपारी चोल्वे मावशी येऊन बसली. मावशी हामूंगाच्या मूळ गावची, शेवटच्या ट्रकने आलेली. भोपळ्याची गुडगुडी तिच्या मांडीवर. दोन झुरके ओढून तिने हामूंगाचा विषय काढला.

"हा रोज येतो?"

"येतो. सोयराच तो."

"कुणाचा सोयरा?" मावशीने धूर सोडला. "याची आई दुष्काळात आली आमच्याकडे. डोंगरातली पोर. टोपलीभर ज्वारी देऊन ठेवून घेतलेली. सिंहाच्या घरात वाढली म्हणून सगळे सिंहीण म्हणायचे. ती गरुडाच्या कुळातली. गरुडाची आणि हत्तीची कसली सोयरीक? आमच्याकडे हे कुणी बोलत नसे. माणसाचं मूळ काढू नये."

ट्वाम्बो आधण हलवत होती. हात थांबला नाही, पण पळी कुठे फिरते आहे हे तिला दिसेनासं झालं.

"मग आज का काढलंस, मावशी?"

"मी कुठे काढलं? मी तुला सांगितलं. मुलगी तुझी, तोंडही तुझं." मावशी उठली. जाताना झोपडीच्या आत एकदा डोकावली. "किती दिवस म्हणतोय तो, प्रेत उठलं का म्हणून?"

दुसऱ्या सकाळी हामूंगा आला तेव्हा ट्वाम्बोने उत्तर दिलं नाही. ते शब्द दारात तसेच पडून राहिले. मुटिंटाने आतून काहीतरी म्हटलं, पण ते हामूंगाच्या बहिऱ्या कानाकडे गेलं. तो निघून गेला. ट्वाम्बोला वाटलं, धावत जाऊन सांगावं, शब्द परत घे, सगळे परत घे. पण ते सांगायचं तर का ते सांगावं लागलं असतं, आणि मोठ्याने सांगावं लागलं असतं, कारण तो अर्धा बहिरा.

ज्वारीला कोंब फुटायच्या आत मुटिंटा गेली.

अंगण माणसांनी भरलं. ढोल वाजले नाहीत, इतक्या मयतांनंतर वाजवणाऱ्यांच्या हातात जोर नव्हता. बायका रडत होत्या, पण डोळ्यांच्या कोपऱ्यातून कुंपणाकडे बघत होत्या. कुंपणापाशी हामूंगा उभा होता. आत येत नव्हता. मुलीचं पांघरूण सोयऱ्यासाठी दारावर टाकलेलं होतं, त्याला तो हात लावत नव्हता.

"सोयरा बाहेर का?" कुणीतरी म्हणालं.

"भ्यायलाय का कशाला?"

चोल्वे मावशी भिंतीला टेकून बसली होती. तिची गुडगुडी आज विझलेली होती. तोंड मात्र किंचित उघडं होतं.

ट्वाम्बोने हामूंगाकडे पाहिलं. त्याचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. तिला कळलं, याला माहीत आहे. जन्मभर माहीत होतं. सिंह म्हणून लोकांच्या मयतांत नाचताना प्रत्येक वेळी याला माहीत होतं. एका शब्दाचं काम होतं, गरुड. तो शब्द तिने टाकला असता तर मुटिंटाच्या मरणाला नाव मिळालं असतं, सगळ्याच मरणांना मिळालं असतं. संध्याकाळपर्यंत रानात आणखी एक काठी पडली असती. तिच्या छातीत काहीतरी म्हणत होतं, पडू दे.

ती उठली. दारावरचं पांघरूण तिने ओढलं, अंगण ओलांडलं, आणि ते हामूंगाच्या तोंडावर फेकलं.

"अरे सिंहा," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "शेपूट अडकलं का कुंपणात? का माझ्या घरची पेज आता आवडेना?"

हामूंगाने पांघरूण तोंडावरून काढलं. ते त्याने डोक्यावर घेतलं, मुटिंटा घ्यायची तसं. आवाज फाटका निघाला. "आजोबा," तो मुलीच्या आवाजात म्हणाला, "खड्डा लांब खणा, माझे पाय आईवर गेलेत."

कुणी हसलं नाही.

मग ट्वाम्बो हसली. आधी वारा, मग आवाज. पुरेसं मोठं झालं असं वाटल्यावरही तिला थांबता आलं नाही. हामूंगा मातीत बसला आणि पांघरुणात तोंड खुपसून रडायला लागला. सोयऱ्याने रडायचं नसतं. पण त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. सगळे तिच्याकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी ती पाणी आणायला गेली. डबक्यावरच्या बायका बोलता बोलता गप्प झाल्या आणि घागरी उचलून थोड्या बाजूला सरकल्या.

तिच्यामागून एकजण दुसरीला म्हणाली, "पोटची पोर पुढ्यात, आणि हसली."

"मी पाहिलं," चोल्वे मावशी म्हणाली. "सगळ्यांत आधी हसली."