आदी वाजीव, मग बक्षीस

"काढ ती गळ्यातली अन् घाल पोराच्या गळ्यात," आबासाहेब माझ्या बाला म्हणाले. "दम लागलाय तुला."

बानं हलगी काढली. माझ्या गळ्यात घातली. माझ्याकडं बघितलं नाही.

मी तेव्हा शेतकी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो. अंगात पांढरा सदरा, खिशाला पेन. मागं वर्गातली सगळी पोरं, पुढं आमचे सर. आम्ही आबासाहेबांचा ऊस बघायला आलो होतो. शिराळ्याच्या खालच्या अंगाला, वारणेच्या काठावर त्यांचा मळा. सहल ठरली तेव्हा मी सरांना दुसरं गाव सुचवलं होतं. सर म्हणाले, अरे, तुझंच गाव, तुला तर आनंद व्हायला पाहिजे.

पाव्हणे आले की वेशीपासून मळ्यापर्यंत हलगी वाजायची. तो आमचा मान, असं गाव म्हणायचं. आम्ही मांग. मान म्हणजे काय, तर बोलावलं की जायचं. आमचं घर आबासाहेबांच्या जागेत. बा त्यांच्या उसाला पाणी पाजायचा, आई त्यांच्या गोठ्यातलं शेण काढायची. तिथं नाही हा शब्दच नव्हता.

मी सरांकडं बघितलं. सर चष्मा पुसायला लागले.

मी वाजवली. हात शिकलेले होते, ते आपले आपण चालले. पोरांना आधी काही कळेना. मग एकानं शिट्टी मारली, दोघं-तिघं नाचायला लागले. वर्गात माझ्या शेजारी बसणारा इस्लामपूरचा दोस्तही नाचला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. तेच जास्त लागलं. मळ्यात पोचल्यावर सगळे आंब्याखाली जेवायला बसले. मी हलगी घेऊन गोठ्याजवळ, बाच्या शेजारी उभा. उभा राहा असं मला कोणी म्हटलं नव्हतं. बस असंही कोणी म्हटलं नाही.

त्या दिवसापासून वसतिगृहात माझं नाव गेलं. 'हलगी' अशीच हाक. मी मेसमध्ये शिरलो की ताटं बडवायचे. चिडलो तर समजूत काढायचे, ही तर कला आहे गड्या, लाजतोस कशाला. कला असेल. पण त्यांच्या बापाला कोणी वेशीत उभं केलं नव्हतं.

तक्रार कुणाकडं करणार? सरांनी तर डोळ्यांनी बघितलं होतं. कॉलेज सोडून जायचं तर कुठं? गावात. म्हणजे पुन्हा आबासाहेबांच्याच दारात. इकडं ताटं, तिकडं हलगी. मी मान खाली घालून अभ्यास करत राहिलो.

तिसऱ्या वर्षाला प्रत्येकाला कॉलेजच्या शेतात भुईमुगाचा एक तुकडा दिला. पेरणीपासून काढणीपर्यंत सगळं ज्याचं त्यानं करायचं. बरीच पोरं बागायतदारांची, ती गुपचूप बायका लावून खुरपून घ्यायची. मी एकटा खुरपायचो. तिथं मला बरं वाटायचं, आणि तिथंच जीव कोंडायचा. ढेकूळ हातात घेतलं की आठवायचं, ही माती कॉलेजची. गावातली आबासाहेबांची. आमची ओंजळभरसुद्धा कुठं नाही, आणि मी शिकतोय शेती. वर्गात विचारायचे, घरी किती एकर? माझी पाळी आली की मी पुस्तकात बघायचो.

माझा तुकडा पहिला आला. परीक्षेतही पीकशास्त्रात मीच पहिला. संमेलनात बक्षीस मिळणार होतं. पाहुणे कोण, तर आबासाहेब. तोवर ते साखर कारखान्याचे संचालक झाले होते. येताना जीपमध्ये मागं बाला घेऊन आले. पोराचं कौतुक बघू दे म्हणाले. बाच्या मांडीवर हलगी होती. 

माझं नाव पुकारलं. टाळ्या पडल्या. त्या टाळ्या खऱ्या होत्या, हे मी आजही म्हणतो. मी वर चढलो. आबासाहेबांनी कप उचलला, पण दिला नाही. माईकवर म्हणाले, हे पोरगं आमच्या गावचं, आमच्याच अन्नावर वाढलेलं. मग माझ्याकडं वळून हसले.

"आदी वाजीव, मग बक्षीस."

मंडपाच्या दारातून बा हलगी घेऊन आला. पोरं ठेक्यात टाळ्या वाजवायला लागली. प्राचार्यही हसत होते. बा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "वाजीव लेका. थोडीच वाजीव. मला घरी जायचंय."

मी हलगीला हात लावला नाही.

"न्हाई वाजवत," मी म्हणालो. माईक जवळच होता. मंडपभर ऐकू गेलं.

"लाजतोय," आबासाहेब म्हणाले.

"लाजत न्हाई. वाजवणार न्हाई. बक्षीस पिकाचं हाय."

टाळ्या थांबल्या. मी कप न घेता खाली उतरलो. मधल्या वाटेनं चालत मंडपाबाहेर आलो. छाती हलकी झाली होती. वाटलं, सुटलो.

तेवढ्यात मागं हलगी वाजली.

बा वाजवत होता. माझ्या वाटणीची. मी बाहेर उन्हात उभा राहून ती शेवटपर्यंत ऐकली. मी नाही म्हणालो, ते जाऊन पडलं बाच्या गळ्यात. नंतर त्यालाही टाळ्या पडल्या.

तो बाहेर आला तेव्हा मी त्याचा हात धरायला गेलो. त्यानं सोडवून घेतला.

"तू न्हाई म्हणलास," तो म्हणाला. "आता रोज व्हय म्हणायला मी हाय की."

आणि जीपमध्ये मागं जाऊन बसला.

त्या दिवशी मला कळलं. गावात बाच्या डोक्यावरचं छप्पर त्यांच्या जागेत आहे, तोवर मी इथं कितीही मोठ्यानं नाही म्हणालो तरी किंमत तोच मोजणार. दुसऱ्या दिवशी सकाळी एसटी धरली आणि गाव गाठलं. आईला आदल्या सांजेलाच निरोप आला होता, उद्यापासून गोठ्यात येऊ नको. ती चुलीपुढं नुसती बसून होती. मी म्हणालो, जागा त्यांची, छपराचे पत्रे आपले. आपण सांगलीला मामाकडं जाऊ. मामा बाजारात हळदीची पोती उचलायचा, एका खोलीत राहायचा. दाटीवाटीनं राहू, पण आपल्या पैशानं राहू. मी सुट्टीत हमाली करीन, कॉलेज सोडणार नाही.

आई उठली. भांडी पोत्यात भरायला लागली.

मी वर चढलो. पत्रे वाशांना बांधले होते, ते दोर सोडायला लागलो. आजूबाजूची माणसं गोळा झाली, लांबूनच बघत राहिली. बा अंगणात बसून होता. मान वर करून म्हणाला, "गावानं परत सांगावा धाडला तर?"

"धाडू दे," मी म्हणालो. "जायचं न्हाई. तू बी न्हाई, मी बी न्हाई. माझी पोरं बी न्हाईत."

बा उठला नाही. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. मी पहिला पत्रा खाली टाकला आणि दुसऱ्याचा दोर सोडायला घेतला.